पारायण झालं, निरूपण राहिलं

प्रिय ताई,

मी कोथरूडला राहते. वय ३६. एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपासून वाचनकट्टा चालतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही अकराजण क्लब हाउसमध्ये जमतो. यंदा जानेवारीत सगळ्यांनी मिळून 'वर्षभरात पन्नास पुस्तकं' असं चॅलेंज घेतलं. भिंतीवर तक्ता लावला आहे. पुस्तक संपलं की आपल्या नावापुढे एक टिकली चिकटवायची. आज माझ्या नावापुढे ३१ टिकल्या आहेत आणि मी दुसऱ्या नंबरवर आहे. त्यातली १९ पुस्तकं फँटसी. कॉलेजात असताना हे वेड लागलं, ते अजून सुटलेलं नाही.

खरं सांगते, ३१ मधली दोन पुस्तकं मी पूर्ण वाचलेलीच नाहीत. शेवटची प्रकरणं चाळली आणि टिकली लावून मोकळी झाले. बाकीच्यांतलीही बरीच आता आठवत नाहीत. परवा लेकीने एका पुस्तकाचं कव्हर बघून विचारलं, "आई, हा ड्रॅगन चांगला होता की वाईट?" मला सांगता येईना.

दुसरी अडचण बोलण्याची. माझी पाळी आली की मी नुसती गोष्टच सांगत सुटते. नावं परकी, राज्यं सात, कोण कोणाचा भाऊ ते कुणालाच कळत नाही. गेल्या वेळी कट्ट्यावरचे एक काका म्हणाले, "हे राक्षस-चेटकिणींचं वाचन मुलांना ठीक आहे. तू आयुष्याला भिडणारं काहीतरी वाच." सगळे गप्प झाले. मीही खाली बसले. चार पुस्तकं मी ऑडिओवर ऐकली, ती धरायची की नाही यावरूनही वाद झाला.

घरी सासूबाई श्रावणात रोज संध्याकाळी हरिविजयाचा एक अध्याय वाचतात. मोठ्याने, सावकाश. लेक शेजारी बसते. त्यांना बघितलं की मला माझ्या टिकल्यांची लाज वाटते.

माझं खरं वाचन मेट्रोत होतं. गेल्या महिन्यात एका कादंबरीत एक नावाडीण मुलगी होती. नदी खवळली की ती शांत करायला तिला आपल्या भाषेतला एक शब्द नदीला द्यावा लागतो. दिलेला शब्द तिच्या तोंडून कायमचा जातो. एका रात्री ती 'आजी' हा शब्द देऊन टाकते. ते वाचताना माझं स्टेशन कधी मागे पडलं कळलंच नाही, थेट रामवाडीला जाऊन उतरले. पण हे कट्ट्यावर कसं सांगणार?

चॅलेंज सोडून देऊ? की फँटसी सोडू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

– टिकल्यांत अडकलेली

*

प्रिय मुली,

अगं-तुगं तूच म्हणतेस तर मग. दोन्ही सोडू नकोस. तुझ्या पत्रात सासूबाईंचा उल्लेख चारच ओळींत आला आहे, पण मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते.

आकडा ठरवून वाचणं हे काही आपल्याकडे बाहेरून आलेलं खूळ नाही. गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांत पुरं करायचं असतं आणि कोणत्या दिवशी किती अध्याय हेही ठरलेलं असतं. गावोगावच्या सप्ताहांत ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय मांडी घालून एकत्र वाचले जातात. श्रीधर कवींच्या पोथ्या घे. हरिविजयाचे ३६ अध्याय, रामविजयाचे ४०, पांडवप्रतापाचे ६४. कुणी चातुर्मासात लावतं, कुणी श्रावणात. वाचायला शिकलेली सून किंवा शाळेत जाणारा नातू वाचणार आणि घर ऐकणार, असं महाराष्ट्रात कितीतरी पिढ्या चाललं. ठरवून, मोजून आणि चारचौघांबरोबर वाचणं आपल्या अंगात मुरलेलं आहे. तुमच्या कट्ट्याने पन्नासचा आकडा धरला यात मला काहीच गैर दिसत नाही. आकडा नसता तर तू या वर्षी कदाचित आठच पुस्तकं उघडली असतीस.

पण सासूबाई वाचताना काय करतात ते उद्या जरा नीट बघ. मी तुझ्या घरी आलेले नाही, तरी पोथी वाचणाऱ्या बायका मी आयुष्यभर पाहिल्या आहेत. कालियामर्दनाचा अध्याय असेल तर त्या मध्येच थांबतील. चष्मा कपाळावर सरकवतील आणि पोरीला सांगतील की बघ, यमुनेचं पाणी विषारी झालं होतं, गुरं ते पाणी पिऊन पडत होती. मग पोर विचारेल, "साप गेला कुठे?" त्यावर दोन मिनिटं जातील. मग पुन्हा ओवी. हे जे मधलं थांबणं आहे, त्याला आपल्याकडे निरूपण म्हणतात. कीर्तनकार करतो तेव्हा त्याला मान मिळतो, आजी करते तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. तू पारायण धरलंस आणि निरूपण सोडलंस. तुझ्या दोन्ही अडचणी इथूनच आल्या आहेत. न थांबता वाचलं म्हणून आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून कट्ट्यावर बोलता येत नाही.

आता तू हिशेबातली आहेस म्हणून तुझ्याच भाषेत बोलते. मेट्रोत जाता-येता मिळून तुला तासभर मिळत असेल. लक्ष देऊन वाचलं तर इंग्रजीची तीसेक पानं होतील. रात्री पोर झोपल्यावर आणखी दहा. दिवसाला चाळीस. महिन्यात असे पंचवीस दिवस धरले तर हजार पानं. पुस्तक सरासरी साडेतीनशे पानांचं धरलं, आणि फँटसीवाल्यांना हा आकडा कमीच पडतो, तर महिन्याला तीन पुस्तकं होतात. वर्षाची ३६. ऑगस्टच्या मध्यापर्यंत फार तर २२. तुझ्या नावापुढे ३१ टिकल्या आहेत. चार तू ऐकलीस, ती कामं करता करता ऐकली असशील, ती बाजूला ठेवू. तरी पाच उरतात. त्या पाचांतली दोन कुठून आली ते तू कबूल केलंस. उरलेली तीन कुठून आली तेही तुला ठाऊक आहे. साडेअकरा वाजून गेल्यावर, डोळे मिटत असताना, संवादांवरून नजर फिरवत आणि वर्णनं ओलांडत.

फँटसीला ही घाई इतर पुस्तकांपेक्षा जास्त मारक असते. पुण्यातल्या वाड्यावरची कादंबरी तू भरभर वाचलीस तरी वाडा तुझ्या डोक्यात आधीच उभा आहे. चौक, माजघर, जिना हे सगळं तू स्वतःकडचं घालतेस. अद्भुताच्या कादंबरीत लेखकाला माती, पाऊस, चलन, देव आणि शिव्या सगळंच नव्याने घडवावं लागतं, आणि वाचकालाही ते मनात नव्याने उभं करावं लागतं. पहिली शंभर पानं सावकाश गेलीच पाहिजेत. सुरुवातीला नकाशा असतो तो उगाच नसतो. तो ओलांडून गेलीस की सात राज्यांची सात नावं राहतात, राज्यं राहत नाहीत. मग ड्रॅगन चांगला की वाईट ते कसं सांगणार?

नकाशावरून एक सांगायचं आहे. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका वाचनालयाच्या बालविभागात काम करायचे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलांसाठी वाचनस्पर्धा ठेवली. प्रत्येकाला एक पुठ्ठ्याचं कार्ड, पुस्तक परत केलं की त्यावर शिक्का. शिक्के मारायचं काम माझ्याकडे होतं. पोरं सकाळी पुस्तक न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. कुणीकुणी तर व्हरांड्यातच पानं उलटून तासाभरात काउंटरवर यायची. मी शिक्का मारायचे. पहिल्या आलेल्या मुलीचे २३ शिक्के झाले. एक मुलगा होता, दहा-अकरा वर्षांचा, त्याच्या कार्डावर एकच शिक्का. शेवटच्या आठवड्यात तो पुस्तक परत करायला आला. पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं होतं आणि आत घडी केलेला बटर पेपर होता. त्याने तो काउंटरवर उलगडला. गोष्टीतल्या राज्याचा नकाशा त्याने आपल्या मनाने काढला होता. नदी होती ती मुठा. लकडी पुलाच्या जागी दगडी दार होतं. पर्वतीवर राजाचा किल्ला, खाली चेटकिणीचं तळं, आणि शनिवारवाड्याच्या बाजूला एक छोटं घर काढून त्यावर लिहिलं होतं, 'इथे मी'. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. त्याने ते राज्य उचलून आपल्या गावात आणून मांडलं होतं.

मी तो कागद पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. पण पुस्तक एकच झालं ना रे?"

त्याने कागदाची घडी घातली आणि गेला. पुढच्या सुट्टीत तो आला नाही. बक्षीस २३ शिक्क्यांना दिलं, ते मीच माझ्या हाताने दिलं. त्या उन्हाळ्यात त्या वाचनालयात सगळ्यांत जास्त वाचलेला मुलगा कोण होता हे मला आज विचारलंस तर मी एका क्षणात सांगेन. त्या दिवशी ते माझ्यासमोर उलगडून ठेवलेलं असताना मला दिसलं नाही. म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी ते घेतलं.

तर येत्या रविवारी जाशील तेव्हा सगळ्यांत आधी भिंतीजवळ जा आणि त्या दोन टिकल्या काढ. गुपचूप काढू नकोस, सांगून काढ. "ही दोन माझी पूर्ण झालेली नाहीत," एवढंच म्हण. जास्त खुलासा नको. मला अनुभवाने वाटतं की तुझ्यामागून आणखी एक-दोघं उठतील. उठली नाहीत तरी तुझं मन हलकं होईल, आणि पुढची टिकली लावताना हात अडखळणार नाही. तक्त्यावर 'सोडलेली पुस्तकं' असा एक रकाना वाढवायला सुचव. पुस्तक अर्ध्यात सोडण्यात लाज कसली? शंभर पानं प्रामाणिकपणे वाचून 'हे माझं नाही' असं ठरवणं हेही वाचनच आहे, आणि कट्ट्यावर त्यावर बोलायला पुष्कळ असतं. पन्नासचे छत्तीस कर, तीस कर. चॅलेंज तू घेतलं आहेस, अर्ध्या वर्षात बदलायचा हक्कही तुझाच.

आता काकांकडे वळते. त्यांच्यावर रागावू नकोस. ते जे बोलले ते त्यांचं एकट्याचं मत नाही, त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मराठी कादंबरी जन्माला आल्यावर लगेचच अद्भुतात रमली होती. १८६१ साली 'मुक्तामाला' आली, १८६८ मध्ये 'मंजुघोषा'. राजपुत्र, संकटं, योगायोग, चमत्कार असं सगळं त्यांत होतं आणि लोक आवडीने वाचत होते. मग हरिभाऊ आपटे आले. १८९० मध्ये त्यांनी इथे पुण्यातच 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि घरातल्या विधवेचं, सुनेचं, शिकणाऱ्या मुलीचं दुःख कादंबरीत आणलं. ते फार मोठं काम होतं, आणि त्या काळाला ते हवंच होतं. पण तेव्हापासून आपल्याकडे एक मोजमाप पक्कं झालं. घरातलं, गावातलं, पोटातलं ते खरं साहित्य, आणि अद्भुत म्हणजे पोरांचा खाऊ. नारायण धारपांसारखा भयकथा लिहिणारा लेखक आयुष्यभर लिहीत राहिला, वाचकांनी डोक्यावर घेतला, वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांची पानं सुटेपर्यंत पुस्तकं फिरली. तरी 'वाङ्मयीन' चर्चेत त्यांचं नाव घेताना माणसं कचरत. काका त्याच शाळेत शिकले आहेत. मीही तिथेच शिकले.

'आयुष्याला भिडणारं' या शब्दावर मात्र उत्तर द्यायला हवं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किन यांनी १९३९ साली एका व्याख्यानात परीकथा म्हणजे आयुष्यापासून पलायन, या आरोपाचा समाचार घेतला होता. त्यांचं म्हणणं असं की, तुरुंगातल्या कैद्याने बाहेर पडून घरी जायची धडपड करणं वेगळं, आणि सैनिकाने रणातून पळ काढणं वेगळं. लोक या दोन्हींना एकच नाव देतात. बोलणारा माणूस पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या खंदकांत राहून आलेला होता, हे लक्षात घेतलं की त्या वाक्याला वजन येतं. तू मेट्रोत नावाडिणीबरोबर नदीत असतेस तेव्हा तू कशापासून पळत नाहीस. भाषा हरवण्याच्या भीतीला इतक्या जवळून भिडायला तुला दुसरं कुठलं पुस्तक मिळालं होतं?

नाक मुरडण्याचा हा प्रकार तर आणखी जुना आहे. कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहाच्या सुरुवातीलाच गुणाढ्य नावाच्या कथाकाराची गोष्ट येते. आपल्या पैठणच्या सातवाहन राजाकडे त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पाठवली. राजाने ती झिडकारली. भाषा पैशाची, म्हणजे पिशाचांची, आणि लिहिली आहे रक्ताने! गुणाढ्य एका डोंगरावर गेला, अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकू लागला. ऐकायला होती जंगलातली जनावरं. हरणं, रानडुकरं, म्हशी चरणं सोडून भोवती गोळा झाली आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजा आजारी पडला, कारण मुदपाकखान्यात येणारं मांस सुकलेलं होतं. चौकशी करता करता तो डोंगरावर पोचला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाख त्याने हात जोडून मागून घेतला. मला यात राजापेक्षा त्या हरणांचं फार वाटतं. त्यांना कुणी विचारलं नाही की हे साहित्य आहे का. तुझ्या कट्ट्यावर अकराजण आहेत. तू आणि काका सोडून नऊ उरतात. त्यांच्याकडे बघून बोल.

काय बोलायचं, हा तुझा मुख्य प्रश्न. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर तू पत्रातच लिहून पाठवलं आहेस. नावाडिणीबद्दल तू जेमतेम पाच वाक्यं लिहिली आहेस. त्यांत एकाही राज्याचं नाव नाही, राजघराणं नाही, आधीच्या भागात काय झालं ते नाही. जादूची अट काय, ती पाळताना काय किंमत मोजावी लागते, ती कोणत्या क्षणी सहन होत नाही, आणि त्या क्षणी तू कुठे होतीस. मी ती कादंबरी वाचलेली नाही, पण तुझी पाच वाक्यं वाचून मी पत्र मांडीवर ठेवलं आणि माझ्या आजीला मी काय हाक मारायचे ते आठवत बसले. तिला आम्ही 'आजी' म्हणत नसू, 'माई' म्हणायचो. तो शब्द गेल्या कित्येक वर्षांत माझ्या तोंडून निघालेला नाही, कारण आता त्या नावाने हाक मारायला कुणी नाही. म्हणजे काही शब्द आपणही नदीला देऊन बसलोच आहोत. हे मला तुझ्यामुळे सुचलं, आणि कट्टा असतो तो एवढ्यासाठीच. गोष्ट सांगून संपवायची नसते. ती आपल्याला जिथे लागली ती जागा दाखवायची असते, म्हणजे ऐकणारा आपली जागा शोधायला लागतो.

तेव्हा रविवारी कथानक घरी ठेवून जा. अद्भुताच्या कादंबरीत धरायला फार सोपी मूठ असते, ती म्हणजे जादूची किंमत. चांगल्या लेखकाकडे जादू कधी फुकट नसते. कुणाचं आयुष्य कमी होतं, कुणाचा आवाज जातो, कुणाला आपलंच नाव लपवून ठेवावं लागतं. तो व्यवहार दोन वाक्यांत सांग, हिशेब मांडायची तुला सवय आहेच. मग ज्या पानावर तू थांबलीस तेवढं एक पान सांग. शक्य असेल तर त्या पानातल्या चार ओळी तिथल्या तिथे मराठीत सांगून बघ. अडखळशील, योग्य शब्द सापडणार नाही, कुणीतरी सुचवेल, आणि त्या सुचवण्यातूनच अर्धी चर्चा होईल. शेवट फोडू नकोस. आधी विचार, "कुणी वाचणार आहे का?" एकाने जरी हात वर केला तरी शेवट तुझ्यापाशी ठेव.

आणि बोलणं वेताळासारखं संपव. तू कोथरूडची, वेताळ टेकडी तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या वेताळाने राजाच्या खांद्यावर बसून पंचवीस गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक प्रश्न टाकला, तोही असा की ज्याचं उत्तर देताना राजाला स्वतःचा न्याय पणाला लावावा लागे. 'पुस्तक चांगलं आहे, सगळ्यांनी वाचा' असं म्हणून खाली बसलीस की चर्चा तिथेच मरते. त्याऐवजी विचार, "तुमच्यावर ती वेळ आली, तर तुम्ही नदीला पहिला शब्द कोणता द्याल?" आणि मग गप्प राहा. माणसांना विचार करायला वेळ लागतो, ती शांतता भरून काढायची घाई करू नकोस. काकांनाही विचार, मुद्दाम विचार. उत्तर वादासाठी नको, त्यांचा शब्द कोणता आहे हे खरंच ऐकायचं म्हणून विचार.

एक जपायला हवं. फँटसीची बाजू घ्यायची म्हणून प्रत्येक पुस्तकाची बाजू घेऊ नकोस. या प्रकारातही पाट्या टाकलेली पुस्तकं ढिगाने आहेत. तोच अनाथ मुलगा, तीच भविष्यवाणी, तोच काळ्या कपड्यांतला दुष्ट आणि आठशे पानांत एकही घर असं नाही, ज्यात स्वयंपाक होतो असं वाटावं. तुला कंटाळा आला असेल तर तसं सांग. नेमका कुठे आला ते सांग. ज्या दिवशी तू एका जाड कादंबरीबद्दल 'हिचं दुसरं निम्मं पोकळ आहे' असं कट्ट्यावर म्हणशील, त्या दिवसापासून तुझं कौतुकही लोक कान देऊन ऐकतील.

ऑडिओचं विचारलंस. धर, बिनदिक्कत धर. हरिविजय ज्या लाखो माणसांना माहीत आहे त्यांतल्या फार थोड्यांनी तो स्वतः वाचला, बाकीच्यांनी ऐकला. तुझी लेक आत्ता ऐकतेच आहे. कांदा चिरताना ऐकलेलं प्रकरण निसटलं असेल तर मात्र मागे जाऊन पुन्हा ऐक.

जाड पुस्तक एक धरायचं की तीन, हा वाद तुमच्याकडे अजून झाला नसेल तर होईल. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हीच मुळात एक कादंबरी म्हणून लिहिलेली, पण युद्धानंतर कागद महाग असल्यामुळे १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली. मग वाचणाऱ्याने टिकल्या किती लावायच्या? पुढच्या वर्षीचं ठरवताना पुस्तकांऐवजी पानं मोजा किंवा वाचनाचे तास मोजा, असं मी सुचवेन. नाहीतर डिसेंबर जवळ आला की सगळे शंभर पानांची पुस्तकं शोधत अप्पा बळवंत चौकात फिरायला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

थोडं घरातलं. श्रावण संपायला अजून दिवस आहेत. एखाद्या संध्याकाळी अध्याय झाला की तिथेच बसून लेकीला नावाडिणीची गोष्ट सांग, सासूबाई ऐकत असताना. पोरीला मोठा ड्रॅगन लागेल असं तुला वाटेल, पण दहा-बारा मिनिटं बोलून बघ. ती मध्येच काय विचारते ते लिहून ठेव. कट्ट्यावर न्यायला यापेक्षा चांगली तयारी मला माहीत नाही. सासूबाईंनी कोणता शब्द दिला असता, हेही विचार. आणि ज्या पुस्तकाच्या कव्हरवर ड्रॅगन आहे ते पुन्हा पहिल्या पानापासून काढ, नकाशासकट. त्याला टिकली मिळणार नाही, ते आधीच मोजून झालंय. पण लेकीला उत्तर द्यायचं राहिलं आहे.

दुसऱ्या रविवारी काय झालं ते मला लिही. काकांचा शब्द कोणता निघाला तेही. आणि त्या नावाडिणीच्या पुस्तकाचं नाव कळव, मी वाट बघते आहे. एवढं मोठं पत्र लिहिलंस, पण ते लिहायलाच विसरलीस.

– ताई